चौघांची जूट आणि दुगाडची लढाई : एका रूढ मताचें परीक्षण

इ. स. १७८० मध्यें पुणें दरबार, हैदर अल्ली, निजाम अल्ली आणि नागपूरकर भोसले यांची इंग्रजांविरुद्ध जी जूट झाली, तिजविषयीं आपल्याकडे एक मत इतकें रूढ झालें आहे कीं, तें पुराव्याशीं ताडून पाहण्याची कोणास गरजच वाटत नाहीं. तें मत असें : चौघे एकत्र आले, पण एकदिलानें लढले नाहींत, निजाम घरीं बसला, भोसला फुटला, शिंद्यांनीं आपल्यापुरतें पाहिलें, आणि अखेर सालबाईस हैदराला बाजूस सारून तह झाला, सबब जूट फसली. यांतील एकेक विधान खरें आहे. निष्कर्ष मात्र त्यांतून निघत नाहीं, आणि तो कां निघत नाहीं एवढेंच प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

चूक मापांत आहे. जुटीचें मोल चौघांच्या फौजा एका रणांत उभ्या राहिल्या कीं नाहीं यावर ठरविलें जातें. परंतु इंग्रजांचें पुण्याशीं चाललेलें युद्ध मुळांत केवळ रणांतलें नव्हतेंच. कौटिल्यानें युद्धाचे तीन प्रकार सांगितले आहेत : पुकारून केलेलें प्रकाशयुद्ध, छापा व हुलकावणी यांचें कूटयुद्ध, आणि हस्तकांकरवीं शत्रूचीं माणसें फोडण्याचें तूष्णींयुद्ध. अलीकडील युद्धशास्त्रज्ञ ज्यास संकरयुद्ध म्हणतात, तें या तिहींची एकत्र बांधलेली मोटच होय. फौज सरहद्दीवर उभी असते, पण काम पैसा, अफवा, व्यापारकोंडी, घरभेदे आणि हक्कदार म्हणून पुढें केलेलीं प्यादीं करितात. एस्टोनिया या चिमुकल्या देशाच्या सरकारी कचेऱ्या, पेढ्या व वर्तमानपत्रें यांवर २००७ सालीं संगणकजालांतून हल्ला झाला. २००८ सालीं उत्तर अटलांटिक करारसंघाचें त्याविषयींचें केंद्र त्याच देशाच्या राजधानींत, तालिन येथें, निघालें. आणि २०१६ सालीं वॉर्सा येथें त्या संघानें जाहीर केलें कीं, असल्या मिश्र हल्ल्यासहि सामुदायिक संरक्षणाचें कलम लागूं होऊं शकेल. ज्या हल्ल्यास धड हल्ला म्हणतां येत नाहीं त्यास मित्रांनीं उत्तर द्यावें तें कोणत्या क्षणीं, हा तेथील प्रश्न. नानांच्या कारभारास तोच प्रश्न १७७४ पासून छळीत होता.

पुण्याविरुद्ध काय काय वापरलें गेलें तें क्रमानें पाहावें. नारायणरावांचा खून १७७३ च्या आगस्टांत झाला. बारभाईंनीं बाहेर काढलेले रघुनाथराव मुंबईकरांस आयतेच मिळाले. १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाणें घेतलें आणि १७७५ च्या मार्चांत सुरतेस रघुनाथरावांकडून साष्टी व वसई लिहून घेतली. म्हणजे मुलुख प्रथम, आणि तो देण्याचा अधिकार सांगणारा धनी मागाहून! पुढें कलकत्तेकरांनीं सुरतेचा तह अमान्य करून १७७६ च्या मार्चांत पुरंदरास दुसरा तह केला. तरी रघुनाथरावांस आश्रय देणें मुंबईकरांनीं सोडलें नाहीं. एका मुखानें तह आणि दुसऱ्या मुखानें लढाई, ही कंपनीची द्विमुखी रीति पुण्याच्या मुत्सद्द्यांस तोफखान्यापेक्षां अधिक जाचक झाली. त्याच वर्षीं सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचें बंड कोंकणांत माजलें. तें इंग्रजांनीं उभारलें नव्हतें. पण मोड होतांच तोतयानें गलबतांतून मुंबईचाच रोख धरला, आणि वाटेंत कुलाब्यास राघोजी आंग्र्यांनीं त्यास पकडून पुण्यास पाठविलें. आंग्र्यांची सत्ता त्या काळीं लहान व खचलेली. तिनें त्या दिवशीं निराळा सौदा केला असता तर पुण्यास दुसरा एक रघुनाथराव मुंबईंत दिसला असता. १७७८ सालीं मोरोबा फडणीस व सखारामबापू यांचें सूत्र मुंबईशीं लागलें. १७७९ च्या जानेवारींत वडगांवास इंग्रजी फौज नामोहरम झाली, रघुनाथराव शिंद्यांच्या हवालीं झाले, आणि जून महिन्यांत ते निसटून गुजराथेंत जनरल गॉडर्डच्या छावणींत दाखल झाले. १७८० च्या जानेवारींत फत्तेसिंग गायकवाड फुटले आणि पेशव्यांचा गुजराथेंतील हिस्सा वाटून घेण्याचा करार इंग्रजांशीं करून बसले.

गायकवाडांचें उदाहरण विशेष बोलकें आहे. गोविंदराव व फत्तेसिंग या भावांच्या कलहांत पुणें दरबारानें कधीं एकास तर कधीं दुसऱ्यास वस्त्रें दिलीं आणि दोघांकडूनहि नजराणे घेतले. अशा घरांत परक्यास फूट पाडावी लागत नाहीं, ती आयतीच सांपडते. फत्तेसिंगांस फितुर म्हणून दोष देणाऱ्यांनीं हा हिशेबहि मांडावा.

आतां भिवंडीकडे येऊं. भिवंडी-कल्याण ही जोडी शिवकालापासून कोंकणांतल्या राजकारणाचें दार आहे. १७३९ मध्यें चिमाजीअप्पांनीं वसई घेतल्यावर हा मुलुख पुण्याचें समुद्राकडील अंगणच झाला होता. १७८० च्या मे महिन्यांत इंग्रजांनीं कल्याण घेतलें. नोव्हेंबरांत गॉडर्डनें वसईस वेढा घातला आणि त्यास पाठ देण्यासाठीं कर्नल हार्टलेची तुकडी वसई व घाट यांच्या मधल्या प्रदेशांत राहिली. भिवंडीच्या उत्तरेस, वज्रेश्वरीच्या वाटेवर, दुगाड हें खेडें आहे. गुमताऱ्याचा डोंगर त्याच्या डोक्यावर आहे. आज भिवंडी म्हटलें कीं यंत्रमागांचा खडखडाट आणि वखारींच्या रांगा डोळ्यांपुढें येतात. दुगाडास जाणारा इतिहासप्रेमी विरळा. परंतु त्या वर्षीं वसईचा निकाल ज्या ठिकाणीं लागावयाचा होता तें हेंच.

१० डिसेंबरपासून तीन दिवस रामचंद्र गणेश कानडे यांनीं हार्टलेवर हल्ले चढविले. हे तेच रामचंद्र गणेश, ज्यांनीं १७६९ सालीं विसाजी कृष्ण बिनीवाल्यांसमवेत उत्तरेची मोहीम चालविली होती. हेतु हार्टलेला मोडून वसईस कुमक पोचविण्याचा. इंग्रजी वृत्तांतांत मराठे वीस हजारांवर आणि हार्टलेचे लोक दोन हजारांच्या आसपास दिले आहेत. जेत्याच्या लेखणींतून उतरलेल्या असल्या आंकड्यांत लढणारे किती आणि बाजारबुणगे किती याची फोड कधींच नसते, हें ध्यानांत ठेवून ते वाचावे. १२ तारखेच्या सकाळीं दाट धुक्याच्या आडोशानें रामचंद्र गणेश इंग्रजांच्या बाजूच्या टेंकडीवर चालून गेले. आदल्या रात्रीं हार्टलेनें तेथें मोर्चा बांधून तोफा चढविल्या होत्या. धुकें एकाएकीं फांकलें, तोफा उघड्यावर आलेल्या फौजेवर सुटल्या. रामचंद्र गणेश ठार झाले आणि मराठ्यांच्या चाकरींतला नोरोन्हा नांवाचा फिरंगी अधिकारी जखमी झाला. सरदार पडतांच फौज हटली. दैवाची थट्टा अशी कीं, ज्या वसईसाठीं हा सरदार पडला ती आदल्याच दिवशीं, ११ डिसेंबरला, गॉडर्डच्या हातीं गेली होती.

ग्रँट डफनें आपल्या १८२६ च्या इतिहासांत ही लढाई सांगितली आहे ती हार्टलेच्या धैर्याची कथा म्हणून. तसें सांगण्याचा त्याचा अधिकार कोणी नाकारूं नये. हार्टलेचें धैर्य खरेंच होतें. परंतु डफवर पहिली शस्त्रक्रिया नीलकंठ जनार्दन कीर्तन्यांनीं १८६८ च्या सुमारास केली, तेव्हांपासून आपण त्याच्या तपशिलाच्या चुका काढीत आलों, आणि त्याची मांडणी मात्र निमूटपणें स्वीकारीत आलों. त्या मांडणींत कोंकणची मोहीम एका ठिकाणीं, कर्नाटकांतील हैदराची स्वारी दुसऱ्या ठिकाणीं, बंगाल-नागपूरचें राजकारण तिसऱ्या ठिकाणीं येतें. मग दुगाडास हरलेल्या पक्षास दीड वर्षानें वसई परत कां मिळाली, हें कोडें होऊन बसतें. तीं तिन्ही प्रकरणें एकत्र ठेवलीं कीं कोडें राहत नाहीं.

एकत्र ठेवून पाहूं. १७८० च्या जुलैंत हैदर कर्नाटकांत उतरला. १० सप्टेंबरला पोल्लिलूर येथें बेलीची पलटण त्यानें बुडविली, नोव्हेंबरच्या आरंभीं अर्काट घेतलें. पोल्लिलूरची बातमी कलकत्त्यास पोचल्यावर सर आयर कूटला द्रव्य देऊन समुद्रमार्गें मद्रासेस पाठवावें लागलें, आणि पुण्याशीं तह उरकण्याची निकड तेथेंच प्रथम उत्पन्न झाली. म्हणजे दुगाडची तोफ सुटली तेव्हां कंपनीच्या वरिष्ठ सरकारास हें युद्ध नकोसें होऊन चुकलें होतें. गॉडर्ड वसईहून १७८१ च्या फेब्रुवारींत बोरघाटीं येऊन बसला तो पुणें जिंकण्यास नव्हे, तर पुण्यास धाक घालून तह घेण्यास. त्यानें कलमें पाठविलीं. नानांनीं उत्तर दिलें कीं, ज्या तहांत आमचा दोस्त हैदर नाहीं तो तह ऐकण्याचेंहि कारण नाहीं. हें डफनेंच नमूद केलेलें आहे. त्यानंतर हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांनीं पनवेलीकडून येणारी रसद तोडतोडून गॉडर्डला जेरीस आणलें. एप्रिलांत तो घाट सोडून मागें फिरला तेव्हां त्या माघारींत मेलेले व जखमी मिळून ४६६ माणसें त्यानें गमावलीं, त्यांत १८ गोरे अधिकारी होते.

आमच्या मतें जुटीची परीक्षा घेण्याची जागा ही आहे, दुगाड नव्हे. संकरयुद्धाचें सर्व सामर्थ्य एकेकास वेगळा गांठण्यांत असतें. फौजेनें एखादें ठाणें जातें. वेगळा तह केल्यानें मित्रच जातो. नानांचें तें एक उत्तर कित्येक हजार घोड्यांच्या मोलाचें होतें. कारण वेगळा काढण्याचा डाव त्यानें त्या क्षणीं बंद पडला.

पण हेंच उत्तर नागपूर व हैदराबाद येथून कां निघालें नाहीं? येथें रूढ मत 'मराठ्यांची फूट' एवढें म्हणून थांबतें. निजामाचें गाऱ्हाणें एक होतें : मद्रासकरांनीं त्याचा भाऊ बसालतजंग याच्याशीं परस्पर करार करून गुंतूर घेतलें, आणि उत्तर सरकारांबद्दलची पेशकश थकविली. वॉरन हेस्टिंग्जनें गुंतूर परत देववून हें गाऱ्हाणें मिटविलें आणि निजाम जागच्या जागीं बसला. भोसल्यांचें गाऱ्हाणें पैशाचें, बंगालच्या चौथाईच्या थकबाकीचें. मुधोजींचे पुत्र चिमणाजी १७७९ च्या आक्टोबरांत तीस हजार स्वारांनिशीं बंगालवर निघाले, ते रेंगाळत रेंगाळत १७८० च्या मे महिन्यांत कटकास पोचले. तेथें हेस्टिंग्जकडून लक्षावधी रुपये पोचले, १७८१ च्या एप्रिलांत करार झाला, आणि मद्रासेच्या मदतीस जाणारी पिअर्सची इंग्रजी फौज ओढ्यांतून निर्वेध गेली. ज्या मित्राचें दुखणें शत्रूला एकट्यानें बरें करतां येतें, तो मित्र शत्रूच्या औषधाची वाट पाहत असतो.

हैदराची गोष्ट उलट होती. कृष्णेच्या दक्षिणेकडील मुलुखाचा त्याचा व पुण्याचा तंटा जुना. थोरल्या माधवरावांच्या स्वाऱ्या त्याच्यावर झालेल्या. १७७७ मध्यें सावंशीच्या लढाईंत पटवर्धन घराण्यांतील कोन्हेरराव पडले, पांडुरंगराव हैदराच्या कैदेंत सांपडून तेथेंच वारले. असें असतां १७८० मध्यें पुण्यानें तो मुलुख हैदराकडे राहूं देण्याचें कबूल केलें, आणि त्याच पटवर्धनांपैकीं परशुरामभाऊ पुढच्या वर्षीं हैदराच्या दोस्तांच्या बाजूनें बोरघाटीं लढले. पुण्यानें हैदराची मैत्री स्वतःच्या अंगचें मांस कापून विकत घेतली होती. निजामाची नुसत्या आश्वासनावर. जुटीचे दोन सांधे निखळले आणि एक टिकला, याचें कारण स्वभावदोषांत शोधण्यापेक्षां या किंमतींत शोधावें.

येथें कागदांविषयीं एक सूचना करणें प्राप्त आहे. वासुदेवशास्त्री खऱ्यांनीं १८९७ पासून प्रसिद्ध केलेले पटवर्धनी लेखसंग्रह, फॉरेस्टचे १८८५ चे मुंबई दप्तरांतील वेंचे, आणि १९३० ते १९३४ या वर्षांत निघालेले पेशवे दप्तराचे ४५ भाग हातीं असल्यानें या प्रकरणास कागदांचा तुटवडा नाहीं. तुटवडा आहे तो त्यांच्या जातीचा विचार करण्याचा. तूष्णींयुद्धाच्या काळांतलें पत्र हें एकाच वेळीं बातमीहि असतें आणि हत्यारहि. मुधोजी पुण्यास कळवीत कीं आम्ही बंगालवर निघालों, आणि त्याच सुमारास कलकत्त्यास आंतून कळवीत कीं ही स्वारी नांवाची आहे. पैकीं एकच पत्र ज्याच्या संग्रहीं असेल तो मुधोजींस एकनिष्ठ तरी ठरवील किंवा फितुर तरी. दोन्हीं समोर ठेवणारा एवढेंच म्हणेल कीं, दोन बलाढ्यांच्या मध्यें सांपडलेला हा धनी दोन्हीं दारें उघडीं ठेवून होता. पत्र अस्सल आहे म्हणून त्यांतील मजकूर खरा, हा समज आपल्यांतील चांगल्या चांगल्या संग्राहकांतहि आढळतो. शिक्कामोर्तब पत्राची साक्ष देतें, मजकुराची नाहीं.

सालबाईविषयीं थोडें. १३ आक्टोबर १७८१ ला महादजी शिंद्यांनीं कर्नल म्यूरशीं स्वतंत्र तहनामा केला, हा जुटीवर पडलेला सर्वांत मोठा घाव, असें आम्हांस वाटतें. ग्वाल्हेर आदल्या आगस्टांत गेलें होतें आणि माळव्यांत इंग्रज घुसले होते, ही त्यांची अडचण मान्य. परंतु वडगांवासहि त्यांनीं भडोच स्वतःकडे मागून घेतलें होतें आणि सालबाईसहि तें घेतलें. १७ मे १७८२ च्या तहांत हैदरानें जिंकलेला मुलुख सहा महिन्यांत परत करावा असें कलम आलें, आणि तें करविण्याची जोखीम पेशव्यांवर पडली. नानांनीं मान्यतेचा शिक्का लवकर केला नाहीं. ७ डिसेंबरला हैदर वारला आणि २० डिसेंबरला मान्यता झाली. हैदर जिवंत असेपर्यंत सहीस हात न लावणें यांत वचनाची चाड किती आणि हिशेब किती, याचा वाद घालणारांनीं घालावा. आमच्या मतें दोन्हीं होतीं. साष्टी मात्र या तहांत कायमची गेली. तिची भरपाई वसईनें होत नाहीं, हें रूढ मताच्या पक्षानें म्हणतां येण्यासारखें आहे आणि आम्हांस तें कबूल आहे. पण पुरंदरानंतर घेतलेलीं ठाणीं परत आलीं, त्यांत वसई आली, कल्याण-भिवंडीचा मुलुख आला, आणि रघुनाथराव हें प्यादें पटावरून कायमचें उठलें. दुगाडास जें गेलें तें पोल्लिलूर व बोरघाट यांनीं मिळून परत आणलें.

जूट म्हणजे रक्षण, असा सरसकट सिद्धांत मात्र कोणी यांतून काढूं नये. त्याच वसईस ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावांनीं इंग्रजांशीं केलेला तहहि नांवानें दोस्तीचाच होता. सहा हजार पायदळ पेशव्यांच्या रक्षणास, त्याच्या खर्चास सव्वीस लक्षांचा मुलुख, आणि इंग्रजांस विचारल्याखेरीज दुसऱ्या कोणाशीं बोलणें लावावयाचें नाहीं. नानांनीं हैदराशिवाय तह नाकारला तो बरोबरीच्या दोस्ताच्या विश्वासावर. बाजीरावांनीं सर्व दोस्त नाकारण्याचें वचन दिलें तें वरचढ धन्यास. पहिल्या करारानें फोडाफोडीचें दार लागलें. दुसऱ्यानें फोडण्यास कोणी उरलेंच नाहीं. आज्ञापत्रकारांनीं टोपीकरांस इतर सावकारांच्या पंक्तीस बसवूं नये म्हणून बजावलें होतें तें याच धोक्यासाठीं. पुढें १८१७ च्या जून महिन्यांतील पुण्याच्या तहानें कल्याणपासून गुजराथेपर्यंतचें उत्तर कोंकण कंपनीकडे गेलें, आणि भिवंडी त्यांत गेली. त्या वेळीं दुगाडास कोणी लढलें नाहीं.

भिवंडी, कल्याण व वसई या तीन ठिकाणच्या वतनदार घराण्यांकडे इ. स. १७८० ते १७८३ या सालांचे जमाबंदीचे ताळेबंद, कौलनामे, वेठबेगारीच्या याद्या किंवा रसदेचे हिशेब असतील, त्यांनीं ते रद्दी समजून टाकूं नयेत. लढाईचीं वर्णनें पुरे झालीं. इंग्रजी अंमलाच्या त्या दोन-अडीच वर्षांत कौल कोणी घेतला, वसूल कोणाकडे भरला आणि वसई परत आल्यावर कोणाचीं वतनें जप्त झालीं व कोणाचीं चाललीं, हें त्याच कागदांत उतरलेलें असतें. सालाचा सन अरबी असो वा फसली, चार ओळींचा चिटोराहि चालेल. मात्र त्याची नक्कल करतांना पाठीमागील शेरा व हातोहात झालेले फेरफार वगळूं नयेत.